चौकटीतलं हेरॉइन

बंदरातून येणारी ड्रग्ज रोखायला "प्रत्येक कंटेनर स्कॅन केला की प्रश्न मिटला" असं काहीजण म्हणतात. न्हावा शेवा बंदरात वर्षाला लाखो कंटेनर उतरतात हो! सगळे उघडत बसलं तर ट्रेलरची रांग उरणपासून पनवेलपर्यंत लागेल (तशीही लागतेच म्हणा). त्यामुळे कस्टम्स कागदपत्रं, मूळ देश, आयातदाराचा इतिहास बघून संशयित तेवढेच बाजूला काढतं.

शिवाय ड्रग्ज आतल्या मालात असतातच असं नाही. जुलै २०२२ मध्ये पनवेलजवळ आजिवलीला नवी मुंबई पोलिसांनी साधारण ७२ किलो हेरॉइन पकडलं. कंटेनर दुबईहून आलेला, आत मार्बल, आणि पुड्या कंटेनरच्या दाराच्या पोकळ चौकटीत! लाद्या कितीही उपसल्या असत्या तरी हाती धूळच लागली असती. तिथे कामाला आली ती पंजाब पोलिसांची टीप. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्ली पोलिसांनी न्हावा शेवालाच ज्येष्ठमध पकडलं, तर हेरॉइनचा लेप थेट काड्यांवरच चढवलेला.

म्हणून मला वाटतं, पैसा स्कॅनरपेक्षा खबऱ्यांवर आणि माल सोडवायला येणाऱ्यांच्या मागावर घालावा. नाहीतर कंटेनर जप्त होतो, फोटो छापून येतात, आणि मागवणारा नामानिराळा.