मदत हवी आहे : बारीक कामाने थकणाऱ्या डोळ्यांना कोणता सराव द्यावा?

नमस्कार. मी पैठणला हातमागावर पैठणी विणते. सध्या पदरावरचा मोर चालू असून, रेशमाचे धागे मोजत तासन्‌तास जवळ नजर खिळवल्यामुळे दुपारपर्यंत कपाळ ठणकू लागते आणि मान वर केली की दारासमोरचा कडुनिंब काही क्षण धूसर दिसतो. डोळे तपासून घेतले आहेत; चष्म्याचा नंबर बरोबर आहे. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद पाहिल्यास डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा आखडलेला स्नायू सैलावतो, हे मला पटते. परंतु मोजणी अर्धवट सोडून नजर उचलली की नक्षी चुकते, आणि चुकलेला मोर उसवण्यात अख्खा दिवस जातो. असे काम करणाऱ्यांनी ही विश्रांती कशी बसवली? डोळ्यांसमोर धरलेल्या अंगठ्यावरून दूरच्या वस्तूकडे नजर नेण्याच्या सरावाने कोणाला खरोखर आराम पडला असल्यास कृपया सविस्तर सांगावे.