फ्लोरिडा कीजमधील प्रवाळ पुनर्लागवड: स्वयंसेवक डायव्हर म्हणून जावे का? सल्ला हवा आहे

निळाई
नमस्कार. मी अटलांटा येथे राहते. डायव्हिंगचे पहिले धडे तारकर्लीला गिरवले, पुढे ओपन वॉटरचे कार्ड, म्हणजे डायव्हिंगचे प्राथमिक प्रमाणपत्र, घेतले आणि तेव्हापासून जमेल तसे पाण्याखाली जात असते. येत्या मे महिन्यात धाकटा भाऊ पुण्याहून येत आहे. त्याच्याकडेही तेच कार्ड आहे. फ्लोरिडा कीज या बेटांच्या रांगेतील की लार्गोला जाऊन नुसते मासे पाहून परतण्यापेक्षा तिथे चाललेल्या प्रवाळांच्या पुनर्लागवडीत एक-दोन दिवस हातभार लावावा, असा आमचा बेत आहे. आमच्यासारख्या हौशी डायव्हरांचा तिथे खरोखर उपयोग होतो, की आमच्यावर लक्ष ठेवण्यातच तिथल्या लोकांचा दिवस जातो? कोणत्या संस्थेकडे चौकशी करावी? आणि आधी लावलेले बहुतेक प्रवाळ 2023 च्या उन्हाळ्यात मरून गेले असे वाचल्यानंतर या खटाटोपाला काही अर्थ उरला आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कटू असले तरी स्पष्ट द्यावे, ही विनंती.

खाडीपलीकडे
उपयोग निश्चित होतो. मात्र तो बहुधा झाडलोटीच्या कामात होतो, हे आधीच मनाशी धरून जावे. की लार्गो येथील कोरल रीस्टोरेशन फाउंडेशन ही संस्था केन नेडिमायर यांनी 2007 मध्ये स्थापन केली आणि हौशी डायव्हरांना सोबत घेऊन जाण्याची तिची पद्धत चांगली रुळलेली आहे. आधी किनाऱ्यावर माहितीचे सत्र आणि हातातल्या कामाचा सराव होतो, त्यानंतर बोटीने नेऊन डायव्ह करवतात.

त्यांची रोपवाटिका खुल्या समुद्रात आहे. वाळूच्या तळाशी पक्की बांधलेली आणि वरच्या टोकाला तरंगत्या गोळ्याने ताठ धरलेली पीव्हीसीची नळी, तिला आडव्या फायबरग्लासच्या काड्या, आणि काड्यांना नायलॉनच्या दोऱ्याने टांगलेले बोटभर लांबीचे प्रवाळाचे तुकडे, अशी ही 'झाडे' पाण्याच्या ओढीबरोबर सावकाश झुलत असतात. तळापासून उंच टांगल्यामुळे तुकड्यांना चारही बाजूंनी पाणी मिळते, गाळ बसत नाही आणि प्रवाळ खाणाऱ्या गोगलगाई सहजासहजी पोहोचत नाहीत. स्टॅगहॉर्न जातीचे तुकडे सहा ते नऊ महिन्यांत लावण्याजोगे होतात. मात्र त्याच नळीवर, काडीवर आणि दोऱ्यावर शेवाळ व फायर कोरल हा दाहक जीवही तितक्याच उत्साहाने वाढतात आणि ते वेळीच खरवडले नाहीत तर प्रवाळाला झाकून टाकतात. स्वयंसेवकाच्या हाती ब्रश आणि खरवडणी येते ती त्यासाठी. हातमोजे घातलेच पाहिजेत, कारण फायर कोरलचा नुसता स्पर्श झाला तरी कातडीची आग होते.

खडकावर लावण्याचे काम त्यानंतरचे. हातोडीने खडकाचा ठिपका शेवाळमुक्त करायचा, दोन भागांचे इपॉक्सी (घट्ट होणारा चिकट लगदा) मळून त्याच्या लहान गोळ्या चिकटवायच्या आणि तुकडा त्यांवर असा बसवायचा की तो एकाहून अधिक ठिकाणी टेकेल. एकाच टेकूवर राहिलेला तुकडा लाटेने हलत राहतो आणि त्याला खडकावर पसरता येत नाही. हे काम आपल्याला मिळेल की नाही, हे त्या दिवसाच्या योजनेवर अवलंबून असते. न मिळाल्यास हिरमुसू नये.

जुना_पाणबुड्या
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. संस्थेच्या निवडीपेक्षाही माझ्या मते महत्त्वाची असते ती बॉयन्सी, म्हणजे पाण्यात न बुडता, न वर सरकता तरंगत राहण्याचे कसब, आणि त्याबाबत मी थोडा कठोर बोलणार आहे. कार्ड मिळाले म्हणजे पाण्यात एका जागी स्थिर राहता येते, असे नाही. सहलीच्या डायव्हमध्ये आपण सतत पुढे जात असतो, त्यामुळे उणीव झाकली जाते. रोपवाटिकेत मात्र दोन्ही हात कामात गुंतलेले, नजर वीतभर अंतरावरच्या दोऱ्यावर खिळलेली आणि पाठीमागे फूट-दोन फुटांवर दुसरे झाड, अशी अवस्था असते. त्यात श्वास जरा खोल घेतला की माणूस वर सरकतो, मग नकळत फिन्स मारतो, आणि त्या एका फटक्यात मागच्या झाडावरचे काही महिन्यांचे काम तुटून खाली पडते. तळाशी गुडघे टेकून काम करण्याची सवय असेल तर तीही तिथे चालत नाही, कारण उडालेली वाळू प्रवाळांवर बसते.

म्हणून मेपूर्वी आपण दोघांनीही तरणतलावात सराव करावा. तळापासून हातभर वर, आडवे राहून, पाण्याखाली लिहिण्याच्या पाटीवर (स्लेटवर) पाच मिनिटे सलग लिहून पाहावे. पाय न हलवता अक्षर नीट उमटले तर आपण तयार आहात. वजने नेमकी किती लागतात हे खाऱ्या पाण्यातच तपासावे, तलावातला आकडा तिथे कमी पडतो. लोंबकळणारा गेज (हवेचा दाब दाखवणारे मापक) किंवा पर्यायी रेग्युलेटर (श्वासाचे दुसरे तोंड) बीसीडीला, म्हणजे हवा भरता येणाऱ्या जाकिटाला, अडकवून घ्यावा. कॅमेरा पहिल्या डायव्हला हॉटेलवरच ठेवावा, हे माझे वैयक्तिक मत असून त्यावर अनेक जण रुसतात.

कलमीआंबा
शेवटच्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझा अभ्यासाचा विषय त्याच्या जवळचा आहे. 2023 च्या जुलैमध्ये फ्लोरिडातील मॅनेटी बे येथील उथळ पाण्यात 38 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानाची नोंद झाली. तो उपसागर प्रवाळांचा नव्हे, परंतु खडकांवरील पाणीही कित्येक आठवडे त्यांच्या सहनशक्तीच्या वर होते. इतक्या उष्णतेत प्रवाळ आपल्या ऊतींत राहणारे आणि त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उष्णता लवकर ओसरली नाही तर उपासमारीने मरतो. त्या वर्षी काही ठिकाणी पांढरे पडण्याइतकाही अवधी मिळाला नाही. ऊती थेट गळून पडल्या. सोम्ब्रेरो रीफवर पुनर्लागवडीतले सर्व प्रवाळ मेलेले आढळले. पुढे 2025 च्या ऑक्टोबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने फ्लोरिडा कीज आणि ड्राय टोर्टुगास भागांतील स्टॅगहॉर्न व एल्कहॉर्न या दोन्ही जातींची मरतूक जवळजवळ संपूर्ण असल्याचे सांगून, फ्लोरिडाच्या प्रवाळरांगेत या जाती कार्यदृष्ट्या नामशेष झाल्याचा, म्हणजे प्रवाळरांगेतली आपली भूमिका बजावण्याइतक्या उरल्या नसल्याचा, निष्कर्ष काढला. मायामीच्या उत्तरेकडे पाणी तुलनेने थंड राहिल्याने तिथे हानी बरीच कमी झाली.

मग अर्थ काय उरला? तुकडे तोडून वाढवणे म्हणजे हापूसची कलमे करणे होय. बाग झपाट्याने उभी राहते, पण सारी झाडे एकाच वाणाची असतील तर एकच आपत्ती सर्वांना गाठते. त्यामुळे आता भर बदलतो आहे. त्या उन्हाळ्यात हजारो तुकडे समुद्रातून उचलून जमिनीवरील टाक्यांत हलवले गेले आणि त्यामुळे अनेक वाण वाचले. मोट या सागरी संशोधन संस्थेच्या फ्लोरिडा कीजमधील समरलँड की येथील केंद्रात गोलसर, सावकाश वाढणाऱ्या प्रवाळांचे अगदी बारीक तुकडे करून ते वेगाने वाढवण्याची पद्धत विकसित झाली आहे. 2025 मध्ये मायामीजवळ एल्कहॉर्नची संकरित पिल्लेही लावली गेली, ज्यांचे एक पालक होंडुरासच्या उष्ण पाण्यातले आहेत. हे सारे वेळ विकत घेणे आहे. समुद्र तापत राहिला तर नुसती लागवड पुरणार नाही, हे मी लपवणार नाही. पण वाचलेले वाण कोणते आणि ते कुठे तग धरून आहेत, हे पाण्यात उतरून नोंदवणारी माणसे हवीत, आणि माझ्या मते आज त्या नोंदीचे मोल लावलेल्या तुकड्यांच्या संख्येपेक्षा अधिक आहे. तेव्हा जावे. एक दिवस रोपवाटिकेसाठी आणि एक दिवस रीफ या की लार्गोतील संस्थेच्या मत्स्यनोंदीसाठी ठेवावा. 1993 पासून स्वयंसेवक डायव्हरांनी पाहिलेल्या माशांच्या नोंदी ती जमवत आली आहे आणि त्यासाठी परवाना लागत नाही.

निळाई
सर्वांचे मनापासून आभार. स्लेटची कसोटी या शनिवारपासून सुरू करते. भावाचा एक प्रश्न आहे: परत गेल्यावर मालवणला असे काम करता येईल का?

देवबागकर
निळाईताई, भावाला सांगावे की आपल्याकडे प्रवाळ हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या पंक्तीतला. परवानगीशिवाय तुटलेला तुकडा उचलणेही गुन्हा ठरते. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासून आहे आणि इथे प्रवाळ लागवडीचे प्रयोगही झाले आहेत, पण ते शासन आणि शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली. कुणी पैसे घेऊन पर्यटकाच्या हाती प्रवाळाचा तुकडा देत असेल तर आधी परवाना पाहायला मागावा. हौशी माणसाला इथे करण्याजोगे सर्वांत उपयोगी काम म्हणजे खडकांत अडकलेली जुनी जाळी काढायला मदत करणे, आणि तेही स्थानिक डायव्हरांच्या बरोबरीनेच, कारण सुरीने जाळे कापताना स्वतः त्यात गुरफटण्याचा धोका असतो. अंदमानात रीफवॉच संस्थेचे पुनरुज्जीवनाचे काम चालते. त्यांच्याकडे विचारून पाहावे.

खाडीपलीकडे
मे महिना योग्य आहे. 1 जूनपासून वादळांचा अधिकृत हंगाम सुरू होतो आणि पाणी फार तापले की लागवडीची कामे थांबवतात, म्हणून महिन्याच्या पूर्वार्धातली तारीख आधीच नोंदवून ठेवावी. वाऱ्यामुळे बोट रद्द होऊ शकते, तेव्हा एक दिवस हाताशी मोकळा ठेवावा. तो दिवस शेवटी ठेवू नये, कारण अनेक डायव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तासांचे अंतर लागते आणि भावाचे परतीचे विमान त्यात सापडायला नको.