कामांची अदलाबदल करताना धागा तुटू नये, यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

प्रश्न (सिव्हिल लाइन्स, नागपूर):
डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले, की तारांकित प्रश्नांची उत्तरे, मुंबईहून येणारे दूरध्वनी आणि नेहमीच्या नस्त्या आमच्यासमोर एकदमच येतात. अनुदानाच्या तक्त्याची पडताळणी चालू असताना उत्तराचा मसुदा मागितला जातो आणि तो पाठवून परतल्यावर कोणत्या ओळीपर्यंत आलो होतो हे शोधण्यातच वेळ जातो. संगणकावर विंडोज आहे. नवा प्रोग्रॅम टाकण्यासाठी परवानगी घ्यावी लागते. काय करावे?

उत्तर १:
विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, व्हर्च्युअल डेस्कटॉपची, म्हणजे एकाच संगणकावर प्रत्येक कामाच्या विंडो वेगळ्या पडद्यावर ठेवण्याची सोय त्यातच आहे. विंडोज, कंट्रोल आणि डी ही बटणे एकत्र दाबली की नवा डेस्कटॉप उघडतो, तर डीऐवजी डावा-उजवा बाण दाबून त्यांच्यात ये-जा करता येते. एक डेस्कटॉप अधिवेशनाला आणि दुसरा नस्त्यांना द्यावा.

उत्तर २:
ही सोय चांगलीच आहे. पण तिने फक्त विंडो जागच्या जागी राहतात, लक्ष मात्र मागे रेंगाळते. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की पहिले काम अपुरे सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर त्याचे विचार मनात उरतात आणि दुसऱ्या कामाचा दर्जा घसरतो. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी त्यावर एक साधा उपायही मांडला: उठण्यापूर्वी आपण कुठे थांबलो आणि परतल्यावर प्रथम काय करायचे, हे थोडक्यात लिहून ठेवावे. माझ्या मते ही नोंद ठेवायला जे सॉफ्टवेअर सर्वांत कमी वेळ घेईल तेच आपल्यासाठी योग्य, मग ते साधे नोटपॅड का असेना.

उत्तर ३:
प्रत्येक कामाचे मिनिट मोजणाऱ्या सॉफ्टवेअरपासून मात्र कृपया दूर राहावे. संशोधक ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवले, परंतु त्यांचा ताण आणि वैताग वाढला होता. अशा माणसाचा दिवस मिनिटांच्या तक्त्यात उत्तमच दिसेल, ताण मात्र दिसणार नाही.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचे आभार. उद्यापासून दोन डेस्कटॉप ठेवतो. परंतु फोन वाजत असताना नोटपॅड उघडून लिहिणेही जड जाते. ही नोंद तक्त्यातच ठेवता येईल का?

उत्तर २:
अवश्य. एक्सेलमध्ये ज्या चौकटीवर थांबलात तिथेच शिफ्ट आणि एफ२ दाबून नोट लिहावी. चौकटीच्या कोपऱ्यात लाल खूण दिसते, त्यामुळे परतल्यावर ओळ शोधावी लागत नाही. तक्ता पुढे पाठवण्यापूर्वी या नोट्स तेवढ्या काढून टाकाव्यात.