डबल यलोवरून डावीकडे वळायचं की नाही?

नमस्कार मंडळी,

आपल्या मेल-ग्रुपवर ढोकळ्याच्या ऑर्डरींच्या मेलांमध्ये मध्येच घुसते आहे, माफ करा. पुढच्या आठवड्यात इथे कॅलिफोर्नियात माझी बिहाइंड-द-व्हील टेस्ट, म्हणजे लायसन्ससाठी गाडी चालवून दाखवायची परीक्षा, आहे आणि घरात महाभारत चालू आहे. मागच्या गुरुवारी कोथिंबीर आणायला निघालो. दुकान डाव्या हाताला, रस्त्याच्या मधोमध दुहेरी पिवळी रेघ. मी इंडिकेटर दिला, तोच नवरा ओरडला, "डबल यलो आहे, सरळ जा!" सरळ गेले. पुढच्या सिग्नलला यू-टर्न नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. मैलभर फिरून आलो. नवऱ्याचं म्हणणं, डबल यलो म्हणजे भिंत, पुण्यात शिकल्यापासून त्याला हेच ठाऊक. पण मग त्या दुकानात रेघ ओलांडून येणारे सगळे काय नियम मोडून येतात?

– फ्रीमाँटची नवशिकी

---

ताई,

टेस्टला शुभेच्छा. नवऱ्याला रागावू नका, इथे येऊन पंचवीस वर्षं झालेलेही हेच सांगत असतात. कॅलिफोर्नियात डबल यलोचा कायदा म्हणजे व्हेइकल कोडचं कलम २१४६०. रेघेच्या डावीकडे गाडी चालवायची नाही, म्हणजे ओव्हरटेक बंद. पण त्याच कलमात सूट दिली आहे: चौकात, ड्राइव्हवेमध्ये किंवा खाजगी रस्त्यात शिरायला, किंवा तिथून बाहेर पडायला, डावीकडे वळता येतं. दुकानाचं पार्किंग जिथून सुरू होतं तो ड्राइव्हवेच. 'नो लेफ्ट टर्न'ची पाटी नसेल तर खुशाल वळा.

यू-टर्नचं गणित निराळं. दुकानांच्या भागात तो चौकात, किंवा दुभाजकात मोकळी जागा ठेवली असेल तिथेच घेता येतो, म्हणजे कोथिंबीर विसरली म्हणून दुकानासमोरच गाडी फिरवायची नाही.

– सनीव्हेलचे काका

---

काका, मग मला दंडाचं तिकीट कशाला मिळालं? असाच डावीकडे वळलो होतो, तेही दुकानातच. पैसे भरले, वर ट्रॅफिक स्कूलचे आठ तास.

– सॅन होजेहून

---

दादा, तिथे रेघांची एकच जोडी होती की दोन? दोन जोड्या असतील आणि त्यांच्यात दोन फूट किंवा जास्त अंतर असेल, तर ती रेघ नव्हे, दुभाजक. डीएमव्हीच्या (लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या) हँडबुकात स्पष्ट लिहिलं आहे की तिच्यावर गाडी घालायची नाही, आणि मोकळी जागा ठेवली असेल तिथेच वळायचं किंवा यू-टर्न घ्यायचा. सिमेंटचा दुभाजक बांधायच्या ऐवजी रंगाने काढला, एवढंच समजा. रात्री पावसात तर दोन जोड्या एकच वाटतात.

आणखी एक. मध्ये अख्खी लेन असेल, बाहेरून सलग पिवळी रेघ आणि आतून तुटक, तर ती दोन्ही बाजूंच्या लेफ्ट टर्नसाठी असते. तिच्यात शिरून थांबायचं, पण २०० फुटांपेक्षा जास्त तिच्यातून चालवायचं नाही. आपली मंडळी तिथून ओव्हरटेक करतात, तेवढं नका करू.

– सनीव्हेलचे काका

---

कायदा राहू दे बाजूला, मी जरा वेगळं सांगते. माझी भीती रेघेची नाही, समोरच्या गाड्यांची. भारतात आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे तिथला डावा टर्न सगळ्यात सोपा. इथे तोच सगळ्यात अवघड, समोरच्या सगळ्या लेन आडव्या कापायच्या. मेंदूला हे पटायला मला दोन वर्षं लागली.

थांबताना चाकं सरळ ठेव गं. आधीच डावीकडे वळवून ठेवलीस आणि मागून कुणी धडकलं, तर गाडी थेट समोरच्या ट्रॅफिकमध्ये जाते. दुसरं, समोरच्या पहिल्या लेनमधला भला माणूस गाडी थांबवून "या, या" असा हात करतो. त्याच्या मेहेरबानीवर जाऊ नकोस. त्याच्या पलीकडच्या लेनमधून येणाऱ्याने काही हात केलेला नसतो. मी अशीच गेले होते. उजवं दार आणि आरसा गेला, आणि चूक माझ्यावर टाकली, कारण वळणाऱ्याने थांबायचं असतं.

मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

– मिलपिटासची वहिनी

---

सगळ्यांचे आभार. वहिनी, तुमचा मेल प्रिंट करून फ्रिजवर लावलाय. नवऱ्याने तो दोनदा वाचला, बोलला काहीच नाही. मग रात्री नकाशावर त्या दुकानासमोरचा रस्ता मोठा करून बघत बसला. जोडी एकच आहे.

काल तिथेच वळले. चाकं सरळ. समोरून अकरा गाड्या गेल्या, मोजल्या. मागच्याने दोनदा हॉर्न दिला. नवरा पूर्ण वेळ वरचं हँडल धरून बसला होता. या खेपेला कोथिंबीर मिळाली, पुदिना संपला होता.

– फ्रीमाँटहून