हंगामातल्या पहिल्या फुलाला मराठीत काय म्हणाल?

गोदाकाठ

धाकटी बहीण कॅनडात असते, ओटावाला. काल रात्री तिचा फोन आला. घरामागच्या वाफ्यात बर्फाचा ढीग अजून आहे आणि त्याच्या कडेला तीन जांभळे क्रोकस उमललेत. ऑक्टोबरात जमीन गोठायच्या आत तिनेच कंद पुरले होते. आवाज असा, की मला वाटलं नोकरीबिकरी लागली. मग म्हणाली, "ताई, हंगामातल्या पहिल्या फुलाला आपल्याकडे काय म्हणतात गं?" मी पटकन 'बहर' म्हणून मोकळी झाले. "तीन फुलांना बहर?" म्हणाली. गप्प बसले.

मोहोर म्हटलं की आंबा डोळ्यापुढे येतो, नाहीतर पाडव्याच्या गुढीचा कडुनिंब. पालवी पानांची. फुलोरा म्हणावं तर आमच्या घरी नवरात्रात देवीच्या डोक्यावर कडाकण्या टांगतात तो फुलोरा. नेमका शब्द असेल तर सांगा. 'प्रथमपुष्प' चालणार नाही, ते लग्नपत्रिकेवर ठीक.

जुना कोश

लग्नपत्रिकेवरही जपून. संस्कृतात 'पुष्पवती' कुणाला म्हणतात ते एकदा पाहून घ्या, मग छापा.

बहर नाकारला ते बहिणीचं बरोबरच आहे. फारसीत 'बहार' म्हणजे चक्क वसंत ऋतू. आपल्याकडे येता येता ऋतू गळून पडला, झाडावरची फुलं राहिली आणि पुढे फुलंही गेली, नुसता ऐन भर उरला. गाणं बहरात येतं, मैफल बहरते. म्हणजे हा शब्द मधल्या टप्प्याचा. सुरुवातीच्या तीन फुलांवर तो घालणं म्हणजे बारशाला मुंडावळ्या बांधणं.

जाता जाता: मोगलांच्या काळात आपल्या नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, गुलशन म्हणजे फुलबाग. शिवाय बहीण ज्याला 'बर्फ' म्हणते तोही फारसीच, आणि तिकडे त्याचा मूळ अर्थ आकाशातून पडणारा हाच. लादीच्या गोठलेल्या पाण्याला त्यांच्याकडे 'यख' असा वेगळा शब्द आहे. आपण गोळेवाल्याच्या लादीला आणि हिमालयातल्या हिमाला एकाच शब्दात उरकतो. जे अंगणात पडतच नाही त्याला दोन शब्द कशाला ठेवायचे?

पिंपळगावकर

ताई, शेतकऱ्याला विचारा ना. आमच्याकडं प्रत्येक पिकाला वेगळं नाव आहे, सरसकट फूल कुणी म्हणतच नाही. उसाला तुरा येतो. ज्वारी-गहू आधी पोटरीत येतो, मग निसवतो. केळ पण निसवते. कपाशीला पाती लागतात. कांद्याला डेंगळे आले की शेतकरी शिव्या देतो, कारण कांदा गेला, पण बियाण्याच्या कांद्याला तेच गोंडे आले की मधमाशी यावी म्हणून हात जोडतो. एकच फूल, नाव आणि तोंड दोन्ही वेगळं.

आणि द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर डोळा फुगतो, कापसासारखा मऊ होतो आणि फुटतो, तो पोंगा. पोंग्यात घड दिसला की माणूस घरी फोन करतो. हा फोन तुमच्या बहिणीच्या फोनसारखाच समजा. कधी कधी घड दिसतो आणि चार दिवसांत त्याचा बाळीसारखा तणावा होतो, त्याला घड जिरला म्हणतात. 'जिरला' हा शब्द ज्याच्या बागेत झालं त्यालाच कळतो. फुलोरा तुम्ही देवीला दिला, पण बाग फुलोऱ्यात आहे असं आम्ही रोज म्हणतो, आणि त्यात अवकाळी पडला की गळकुज.

एक सांगू का, आपल्या वेलीला थंडीची झोपच मिळत नाही. म्हणून छाटणी झाल्यावर डोळ्यांना पेस्ट लावतो, हायड्रोजन सायनामाईडची, मग डोळे एकसारखे फुटतात. थंड देशात ते काम हिवाळा फुकट करतो. आपल्याकडं निफाडला थंडी पडते, पण ती नको तेव्हा. मणी भरत असताना पारा घसरला की तडे जातात, मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबक चालू करायचं.

गोदाकाठ

थंडीचं निघालं म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या नादानं मी ट्यूलिपचे सहा कंद ऑनलाइन मागवले. कागदावर लिहिलं होतं, बारा ते सोळा आठवडे थंडीत ठेवा. ठेवले फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, कागदी पिशवीत. एका रविवारी पोह्यांची तयारी चालू होती. ह्यांनी त्यातला एक सोलून पाटावर ठेवलेला. "कांदा जरा वेगळाच आहे," म्हणाले. नाशिकच्या माणसानं कांदा ओळखू नये! पाच उरले. जानेवारीत कुंडीत लावले. एकाला फूल आलं, तेही बोटभर देठावर, पानांच्या बेचक्यातच. लाल होतं मात्र. तीन दिवस टिकलं. उरलेल्या चारांनी नुसती पानं दाखवली.

बागलाणची लेक

ताई, तुमच्या कंदांना ताण कमी पडला. हसू नका, आमच्या डाळिंबाचं हेच आहे. सटाण्याकडे 'बहार धरणे' हा रोजचा शब्द. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार, तिन्हींपैकी आपल्याला कुठला हवा तो आपण ठरवायचा. धरायचा कसा, तर पाणी तोडायचं. बाग ताणावर सोडायची. पानं पिवळी पडून गळतात, झाड मेल्यासारखं दिसतं. नवीन सून आली की हमखास विचारते, पाणी का देत नाही? मग हलकी छाटणी, खत, पाणी, आणि पंधरा-वीस दिवसांत काडीवर लाल ठिपके. तेव्हा कुणी 'फूल आलं' म्हणत नाही. 'कळी निघाली' म्हणतात. वडील एवढंच बोलायचे आणि त्या दिवशी चहात साखर जास्त पडायची.

आम्ही पाणी तोडतो, तिकडे थंडी पडते. दोन्ही ठिकाणी झाडाला आधी उपाशी ठेवायचं, असं माझं आपलं मत. म्हणून मी 'कळी निघाली' सुचवते. बर्फातून वर आलेल्याला 'निघाली' हेच क्रियापद शोभतं.

जुना कोश

क्रियापद सुरेख, पण क्रोकस निघून थांबलेला नाही, उमललाय. आणि उमलणं त्याला खास लागू आहे. क्रोकस ऊन लागलं की उघडतो आणि ढग आला, गारठा वाढला की मिटतो, दिवसातून दोनदासुद्धा. झाड फुलतं, कळी उमलते. 'झाड उमललं' आपण म्हणत नाही. हा भेद मुलांच्या निबंधात हल्ली पुसला गेलाय. शिक्षक होतो, खोड जात नाही.

बहिणीला एवढंही सांगा, की केशर देणारा क्रोकस ह्याच कुळातला असला तरी तो शरदात फुलतो. वाफ्यातल्या जांभळ्यातून केशर खुडायला जाऊ नये. आणि केशराच्या तीन काड्या म्हणजे शाळेतल्या पुस्तकातला पुंकेसर नव्हे, त्या कुक्षी. नावानं पुष्कळांना फसवलंय.

गोदाकाठ

सर, तिच्याकडे स्नोड्रॉपही आहेत. बुटके, पांढरे, मान खाली घातलेले, आतल्या पाकळ्यांवर हिरवा ठिपका. त्याला 'हिमबिंदू' म्हणू का?

जुना कोश

नका म्हणू. हिमबिंदू म्हणजे दहिवर, पहाटे गवतावर बघावं. परकं फूल आहे, परक्या नावानं राहू दे, झेंडू-गुलाबाचं आपण काय केलं? पण इतरांनी काय पाहिलं ते गमतीचं आहे. जर्मन माणसाला ती बर्फातली घंटुली वाटली. फ्रेंच त्याला 'पर्स-नेज' म्हणतात, बर्फ भोसकणारं. शास्त्रीय नाव गॅलँथस, त्यात ग्रीक दूध आणि फूल. एकानं कान दिला, एकानं सुरी पाहिली, एकानं रंग. तिच्या अंगणात पुढं डॅफोडिल येतील, ते मात्र आपल्या ओळखीचे, नर्गिसच्या घरातले.

पिंपळगावकर

आमच्यात लवकर येणाऱ्या भाताला हळवं म्हणतात, उशिराच्याला गरवं. इगतपुरीकडं विचारा. कांदा पण गरवा असतो. मग क्रोकस हळवा आणि ट्यूलिप गरवा. झालं काम.

बागलाणची लेक

दादा, हळवा छान आहे, आणि दुसरा अर्थही बसतो. पण हळवं हे वाणाचं नाव झालं. दरवर्षी लवकर येणारं ते हळवं. ह्या वर्षी पहिल्यांदा दिसलं त्याला आमची आजी 'नव्हाळीचं' म्हणायची. नव्हाळीच्या शेंगा, नव्हाळीची काकडी. ते आधी देवापुढे, मग शेजारी, मग आपल्या ताटात.

गोदाकाठ

नव्हाळी! माझ्या सासूबाई म्हणायच्या, पण त्वचेबद्दल. "पोरीच्या तोंडावर नव्हाळी आहे."

जुना कोश

दोन्ही बरोबर. नव्यातूनच आलाय शब्द, कोवळीकही त्यातच. फुलाला वापरलेला मी फारसा ऐकला नाही, पण वापरला तर कानाला टोचत नाही. माझी हरकत नाही. 'नव्हाळीचं फूल' म्हणा, नुसतं 'नव्हाळी' म्हणू नका, नाहीतर ऐकणारा काकडी शोधेल.

आणि वसंत हा शब्द मात्र तिच्याशी बोलताना सांभाळून. आपली वसंत व्याख्यानमाला गोदाघाटावर मे महिन्यात होते, घामाच्या धारांत. पळस-पांगारे फाल्गुनातच फुलून गेलेले असतात. तिच्या वसंतात कानटोपी लागते.

गोदाकाठ

कळवलं तिला. 'नव्हाळीचे क्रोकस' आवडलं, 'हळवा' जास्त आवडला, 'कळी निघाली' नवऱ्याला पाठ करून घेतेय. पण रात्री तिथे पुन्हा चार बोटं बर्फ पडला. क्रोकस घट्ट मिटलेत म्हणे, आडवे नाही झाले. आता तिचा पुढचा प्रश्न: बर्फ वितळून अंगणात जो काळा पचपचीत चिखल होतो, बूट ओढून घेणारा, त्याला काय म्हणायचं?

पिंपळगावकर

रेंदा.

जुना कोश

रेंदाच. पण त्यासाठी वेगळी चर्चा काढा, राबडा, लदलद, राड असे बरेच येतील.