मदत हवी आहे: कोणता सिनॅप्स गिळायचा हे ग्लियाला कळतं कसं?

नमस्कार मंडळी,

सेमिनारसाठी ग्लिया पेशींवर (मेंदूतल्या न्यूरॉन सोडून इतर, साहाय्यक पेशी) वाचतेय आणि एका ठिकाणी गाडं अडलंय. जाणकारांनी कृपया मदत करावी.

सिनॅप्स, म्हणजे दोन न्यूरॉनमधली संदेश पोचवणारी जोडणी, घडवण्याचा भाग समजला. ग्लियाचे संशोधक बेन बॅरिस यांच्या प्रयोगशाळेत डोळ्याच्या पडद्यातले न्यूरॉन बशीत ग्लियाशिवाय वाढवले, तर ते जगले, त्यांना फांद्याही फुटल्या, पण सिनॅप्स मोजकेच झाले. ॲस्ट्रोसाइट या प्रकारच्या ग्लियाची सोबत मिळताच सिनॅप्स साधारण सातपट वाढले (2001). 2005 मध्ये यामागचं एक प्रथिन सापडलं, थ्रॉम्बोस्पॉन्डिन. मला सगळ्यात भावलं ते पुढचं. या प्रथिनाने तयार झालेला सिनॅप्स सूक्ष्मदर्शकाखाली अगदी व्यवस्थित दिसतो, पाठवणारी बाजू ग्लूटामेट हे संदेशवाहक रसायन सोडतेही, पण घेणाऱ्या बाजूला ते टिपणारे आम्पा रिसेप्टर नसल्यामुळे संदेश पोचतच नाही. ते रिसेप्टर पृष्ठभागावर आणायला ॲस्ट्रोसाइटचीच दुसरी प्रथिनं लागतात, ग्लिपिकन 4 आणि 6 (2012).

आता अडचण. उंदराच्या पिल्लांच्या दृष्टिमार्गात मायक्रोग्लिया (मेंदूतल्या रोगप्रतिकार करणाऱ्या ग्लिया) सिनॅप्स गिळतात. एका डोळ्यात टेट्रोडोटॉक्सिन हे विष देऊन तिथले संदेश थांबवले, तर त्याच डोळ्याकडून आलेली न्यूरॉनची टोकं जास्त गिळली जातात. ॲस्ट्रोसाइटसुद्धा एमईजीएफ10 आणि एमईआरटीके हे रिसेप्टर वापरून सिनॅप्स गिळतात. म्हणजे घडवणारी पेशीच मोडतेही!

मग कोणता सिनॅप्स मंद, म्हणजे कमी संदेश पाठवणारा आहे, हे मायक्रोग्लियाला कळतं कसं? न्यूरॉन काही खूण करतो का?

प्रतिसाद

छान प्रश्न. खुणा दोन प्रकारच्या आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट काम करतात, असं धरून वाचा.

पहिली ‘खा’ म्हणणारी. रोगप्रतिकार यंत्रणेतली सी1क्यू आणि सी3 ही प्रथिनं वाढत्या मेंदूत सिनॅप्सवर बसतात आणि मायक्रोग्लियाचा सीआर3 रिसेप्टर सी3 ओळखतो. ही प्रथिनं नसलेल्या उंदरांत जास्तीच्या जोडण्या पूर्णपणे छाटल्या जात नाहीत.

दुसरी ‘खाऊ नको’ म्हणणारी, सीडी47. तुमचं उत्तर मुख्यतः इथे आहे. हे प्रथिन जास्त सक्रिय टोकांवर अधिक आढळतं. सीडी47 नसलेल्या उंदरांत छाटणी प्रमाणाबाहेर होते, शिवाय मंद टोकंच निवडून गिळण्याचा कलही उरत नाही. म्हणजे संदेश पाठवत राहणाऱ्या टोकाला संरक्षण मिळतं, मंद टोक त्याला मुकतं.

सेमिनारमध्ये टेट्रोडोटॉक्सिनच्या प्रयोगाला लागूनच सीडी47 चा हा प्रयोग मांडा. मात्र ॲस्ट्रोसाइटचं गिळणं वेगळ्या रिसेप्टरांवर चालतं, ते यात मिसळू नका.