मदत हवी आहे: आईची पिक लाइन मानेत गेली, सेन्सरवाली पद्धत कुणी वापरली आहे का?

नमस्कार. आईची केमो सुरू आहे, वय ६८. मागच्या आठवड्यात उजव्या दंडातून पिक लाइन (दंडाच्या शिरेतून हृदयाजवळपर्यंत नेलेली, औषधं देण्याची लांब बारीक नळी) घातली. सोनोग्राफीवर शीर लगेच सापडली, पण नंतरच्या एक्स-रेत दिसलं की नळीचं टोक हृदयाकडे न उतरता वर मानेच्या शिरेत गेलंय. नळी काढावी लागली. आता पुन्हा घालायची म्हटलं की माझ्याच पोटात गोळा येतो.

मग सेन्सरच्या पद्धतीबद्दल वाचलं. नळीतल्या तारेच्या टोकाला चुंबक असतं आणि छातीवरचा सेन्सर ते पकडतो, त्यामुळे नळी भलतीकडे वळली तर तिथल्या तिथे कळतं. नेमकी जागा ईसीजी सांगतो: टोक वरच्या महाशिरेतून उजव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) तोंडाशी आलं की पी लहर (ईसीजीतली कर्णिकांच्या ठोक्याची छोटी लहर) सर्वांत उंच होते, आणखी आत गेलं की उलटायला लागते. शेरलॉक थ्रीसीजी हे असंच एक यंत्र.

पण आईला एट्रियल फिब्रिलेशन आहे (कर्णिका नीट आकुंचन न पावता अनियमित थरथरतात), म्हणजे नीट पी लहरच नाही! अशा रुग्णांत चुंबकाच्या आधाराने नळी घालून शेवटी एक्स-रे काढतात का? पुण्यात किंवा मुंबईत कुणी या पद्धतीने लाइन घालून घेतली आहे का, खर्च किती आला? केमो वॉर्डातल्या सिस्टर किंवा भूलतज्ज्ञ इथे असतील तर कृपया सांगा. सोमवारी डॉक्टरांना भेटायचंय, नेमकं काय विचारू?